पानं खाणाऱ्यांच्या शैलाताई

शैलाताईंच्या घरी जेवायला जाणं म्हणजे मराठी माणसाला शिक्षाच. टेबलावर भांडी मांडलेली, झाकणं काढलेली, प्रत्येकात डाव. "घ्या," एवढं एकदा म्हणायच्या आणि स्वतःचं ताट वाढून घेऊन जेवायला बसायच्या. नंतर तुमच्या ताटाकडे ढुंकूनही बघणार नाहीत. 'अजून थोडं घे', 'एवढंसंच का', 'आवडलं नाही वाटतं' यातलं एक अक्षर तोंडातून निघायचं नाही. आमच्या ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या निम्म्या बायका त्यांच्याकडून अर्धपोटी परतल्या आहेत आणि गाडीचं दार लावल्या लावल्या "भलत्याच बाई आहेत" म्हणाल्या आहेत. मीही म्हटलंय. आता त्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात गेल्या, आणि तेव्हापासून मला कुणी आग्रह करायला लागलं की त्यांची फार आठवण येते.

आमची पहिली भेट झाली ती गणपतीत, कम्युनिटी हॉलमध्ये. माझा नवरा निखिल वाढत होता. आग्रहाची स्पर्धा निघाली तर निखिल ऑस्ट्रेलियातर्फे जाईल. त्या दिवशी त्याने माझ्या बाबांना हेरलं होतं. बाबा ताटावर हात आडवा धरून "नको, नको, खरंच नको" म्हणत होते आणि हा मोदक घेऊन त्यांच्या बोटांच्या फटीतून वाट काढत होता. समोरच्या खुर्चीवर पांढऱ्या बॉबकटच्या, किडकिडीत, चालायला निघाल्यासारखे बूट घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, त्यांनी हात आडवा धरलाय. दिसत नाही का?"

निखिल हसत म्हणाला, "अहो ताई, असं म्हणायचंच असतं."

"कुणी ठरवलं?"

आजूबाजूच्या दहा जणांची जेवणं थांबली. निखिल मोदक घेऊन तसाच पुढे सरकला. मला इतका राग आला म्हणून सांगू! जेवणं झाल्यावर बाई कार पार्कमध्ये मला गाठून विचारतात काय, "तुझे वडील का ते? कधीपासून खात नाहीयेत?"

माझा राग तिथेच विरघळला, कारण हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"खाणारा माणूस ताटाकडे बघतो. ते तुमच्या दोघांच्या तोंडांकडे बघत होते."

खरं होतं ते. आई गेली आणि बाबा मिरजेत एकटे पडले. मी एकुलती एक. व्हिजिटर व्हिसा काढून मी त्यांना इकडे घेऊन आले तेव्हा वीज मंडळातून निवृत्त झालेला तो उंचापुरा माणूस शर्टात मावत नव्हता. चार-सहा महिन्यांत शर्ट त्यांच्यावर हँगरवर टांगल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल. "ही इज डुइंग ओके, नो वरीज," असं म्हणून त्यांनी मला घरी पाठवलं. वरी करायला मी होतेच. आईला शेवटचं भेटायला मी पोचले नव्हते. आता बाबांना इथे, माझ्या डोळ्यांसमोर जगवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी मी काय काय नाही केलं! पुरणपोळ्या केल्या, मेथीच्या जुड्या शोधत तासभर गाडी चालवली. बाबा दोन घास खायचे, "उत्तम झालंय" म्हणायचे आणि पाण्याचा पेला उचलायचे.

शैलाताईंची सगळी हयात पानं खाणाऱ्या एका प्राण्यामागे गेली होती. मूळच्या पुण्याच्या. तरुणपणी संशोधनासाठी मादागास्करला गेल्या, तिथे बरीच वर्षं राहिल्या, मग ब्रिस्बेनच्या युनिव्हर्सिटीत शिकवायला आल्या आणि इथेच निवृत्त झाल्या. लग्नाचं विचारलं तर "राहून गेलं" म्हणायच्या, गिरणीतून दळण आणायचं राहून गेलं म्हणतात तितक्या सहज. त्यांचा प्राणी म्हणजे लेमूरची एक जात. माकडांच्या दूरच्या भाऊबंदांतला, मांजराच्या पिल्लापेक्षा थोडा मोठा, करड्या-तपकिरी रंगाचा आणि डोळे मात्र बशीएवढे. इंग्रजीत त्याला 'स्पोर्टिव्ह लेमूर' म्हणतात. यावर त्या हमखास उखडायच्या. "डिवचलं की मुठी आवळून बॉक्सरसारखा उभा राहतो, तेवढं कुणीतरी पाहिलं आणि ठेवलं नाव. अगं, खेळाडू कसला! दिवसभर बसून असतो. आळशी म्हणायचं नाही हं. काटकसरी म्हणायचं. नुसत्या पाल्यावर जगायचं तर उड्या मारायला ताकद कुठून आणणार?"

त्या सांगायला लागल्या की ते जंगल समोर उभं राहायचं. मादागास्करच्या दक्षिणेला पाऊस अगदी कमी. तिथलं जंगल काट्यांचं. झाडं नुसती उभ्या खांबांसारखी वाढलेली, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काटे आणि काट्यांच्या मधे मधे नखाएवढी पानं. दिवस मावळला की हा ढोलीतून निघतो, एका काटेरी खांबावरून दुसऱ्यावर उभाच्या उभा उडी मारतो आणि त्याला एक काटा टोचत नाही. "मला मात्र रोज टोचायचे. माझ्या पोटऱ्या बघशील तर जुना पोळपाट बरा." थोडी पानं खायची, मग बसायचं. पोटात ती पानं आंबत पडतात, त्यातून जे काय मिळेल त्यावर गुजराण करायची. पिल्लू असलं तर आई त्याला तोंडात धरून नेते, एका फांदीवर ठेवते आणि शेजारच्या झाडावर चरायला जाते. ते पिल्लू हूं की चूं न करता तिथेच चिकटून बसतं. उजाडलं की परत आपापली ढोली. ढोलीच्या तोंडाशी बसून अर्धवट मिटल्या डोळ्यांनी दिवसभर बाहेर बघत राहायचं.

"आणि माणसं?" मी विचारलं होतं.

"माणसं काय करणार! कोळशासाठी झाडं तोडतात. गरीब आहेत बिचारी, त्यांनाही पोट आहे. पण ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं गं. पाला वर्षात फुटतो, ढोली फुटत नाही."

एकदा धीर करून मी विचारलं, "शैलाताई, तुम्ही आग्रह का नाही करत? बायका नावं ठेवतात तुम्हाला."

"ठेवू देत की." मग त्यांनी सांगितलं. सुरुवातीच्या दिवसांत तोडलेल्या झाडाखाली त्यांना एक पिल्लू सापडलं. आई दिसेना. त्यांनी ते तंबूत आणलं. पुण्याच्या घरात वाढलेली मुलगी, आलेल्या जिवाला काय करणार, तर खाऊ घालणार! केळं कुस्करून दिलं, डब्यातलं गोड दूध दिलं. पिल्लाने तोंड फिरवलं की त्या पुन्हा बोट त्याच्या तोंडाशी न्यायच्या, लाडीगोडी लावायच्या. ते खायचं. पोट टम्म दिसायचं. सगळ्यांना त्या कौतुकाने दाखवायच्या. थोड्याच दिवसांत ते मेलं.

"पोट भरलेलं होतं, आणि उपाशी मेलं," शैलाताई म्हणाल्या. "त्याच्या पोटाला केळं कळतच नव्हतं. ते तोंड फिरवून मला सांगत होतं आणि मी माझंच वाढत होते. या जातीला कुणी पिंजऱ्यात नीट जगवलेलं नाही मेधा, मोठमोठ्या प्राणिसंग्रहालयांनासुद्धा जमत नाही. आपल्याला प्रेम करता येतं म्हणून जगवता येतं असं नाही."

मी झटकन म्हणाले, "म्हणजे बाबांचंही तसंच! त्यांची मिरज, त्यांचं पाणी, त्यांची हवा..."

"काहीतरीच बोलू नकोस," त्या वैतागून म्हणाल्या. "हा माझा लेमूर ज्याला त्याला उपमा द्यायला बरा सापडलाय. इथल्या महाराष्ट्र मंडळात प्रत्येकाला वाटतं तो आपल्याबद्दल आहे. तुझे बाबा माणूस आहेत. त्यांना काय झालंय ते बघावं लागेल. मी येते दुपारची. आणि तू त्यांना काही विचारू नकोस. विचारलं की माणूस उत्तर देतो, मग झालं वाटोळं."

आणि खरोखरच त्या दुपारी येऊ लागल्या. आम्ही दोघं ऑफिसात, आमची लेक इरा शाळेत. शैलाताई यायच्या, एक पुस्तक उघडून सोफ्याच्या कोपऱ्यात बसायच्या. बोलणं बेताचंच. चौथ्या-पाचव्या दिवशी बाबांचा भडका उडाला. संध्याकाळी मी आले तर घरात तोफा सुरू.

"मेधा, या बाई माझ्यावर पाळत ठेवतात! मी काय माकड आहे?"

"माकड नव्हे, लेमूर," शैलाताई शांतपणे म्हणाल्या. "माकडं फार हलतात."

बाबा बघतच राहिले. आणि मग हसले. किती महिन्यांनी मी त्यांना हसताना बघत होते! शैलाताईंनी पर्स उचलली, मला बाहेर बोलावलं आणि ड्राइव्हवेवर उभ्या उभ्या सांगितलं, "मिळालं."

"काय मिळालं?"

"मी आज त्यांना म्हटलं, पाटणकर, चहा करा की. तर म्हणाले, निखिलराव आले की करतील. मी म्हटलं, तुम्हाला येत नाही? तर म्हणाले, येतो की, बायकोच्या आजारपणात दोन वर्षं सगळा स्वयंपाक मीच करत होतो. मग करा ना! तर मला म्हणतात, 'अहो, जावयाचं घर आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात कपाटं उघडत बसू?' मेधा, या माणसाने तुझ्या घरातलं एक कपाट उघडलेलं नाही. साखर कुठे असते त्यांना माहीत नाही. तू डबा ठेवून जातेस, तो पाहुण्यासारखा अर्धा खातात. रात्री निखिल आग्रह करतो, की पाहुण्यासारखं 'नको' म्हणतात. जितका आग्रह कराल तितके ते पाहुणे. पाहुणा किती दिवस पोटभर जेवेल?"

"मग हे लेमूरसारखंच..."

"लेमूरला जावई नसतो! तुझ्या बाबांचं दुखणं शुद्ध मराठी आहे."

मला रडू की हसू कळेना. आमच्या घरात दिवसातून पन्नास वेळा एकच वाक्य ऐकू यायचं, 'बाबा, तुम्ही बसा.' कप उचलला की निखिल धावायचा, "बाबा, तुम्ही बसा." कचऱ्याचा डबा बाहेर नेऊ लागले की "बाबा, तुम्ही बसा." प्रेमाने करायचा हो. सासऱ्यांच्या हाताला काम लावलं तर लोक काय म्हणतील, या धास्तीनेही करायचा. शैलाताईंनी त्याला फोनवर फैलावर घेतलं. "देणं बंद कर. मागून घे. भूक लागली म्हण आणि खुर्चीत बसून राहा. मेलास तरी उठू नकोस."

शुक्रवारी निखिलचं वर्क फ्रॉम होम. दुपारी तो खोलीतून बाहेर आला आणि नाटकात काम करतात तसा आळस देत म्हणाला, "बाबा, जाम भूक लागलीय. मेधाने काही ठेवलेलं दिसत नाही. तुम्हाला भडंग येतं का हो?"

ते दृश्य मी पाहिलं नाही, निखिलने सांगितलं. बाबा उठले. स्वयंपाकघराच्या दारात जरा थबकले. "चुरमुरे असतील का?" म्हणाले. निखिल म्हणाला, "काय माहीत. बघा ना तुम्हीच." मग एक कपाट उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग डबे. निखिल सांगतो, मांडीवर हात दाबून धरून बसलो होतो, सवयीने उठून जाईन म्हणून. लसूण खरपूस तळल्याचा वास माझ्या कामाच्या मीटिंगपर्यंत पोचला नाही इतकंच. बाबांनी मोठं पातेलंभर भडंग केलं, निखिलच्या पुढे ठेवलं आणि म्हणाले, "घ्या. अहो, एवढंसं काय घेता? घ्या अजून." आणि त्याला आग्रह करता करता स्वतः दोन वाट्या खाल्लं.

संध्याकाळी मी घरात शिरले तर मसाल्यांच्या सगळ्या बरण्यांची जागा बदललेली. "तुझ्या फोडणीच्या डब्यात मोहरी कमी आहे," बाबा मला रागावून म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. महिन्याभरात शर्ट पुन्हा भरायला लागले. आमटी कुणी करायची यावरून आमच्यात भांडणं व्हायला लागली आणि त्या भांडणांचं सुख मला कुणाला सांगता येईना.

बाबांची आणि शैलाताईंची गट्टी जमली ती याच सुमाराला. आमच्या वसाहतीमागे निलगिरीचं जुनं जंगल आहे, राखीव ठेवलेलं. ऊन उतरलं की दोघं तिकडे निघायचे. शैलाताईंच्या हातात टॉर्च, त्यावर लाल जिलेटीनचा कागद लावलेला, म्हणजे प्राण्यांच्या डोळ्यांना त्रास नको. एका म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत तिथे ग्लायडर नावाचा प्राणी राहतो. एकदा मी आणि इराही गेलो. उजेड पुरता गेला नव्हता. ढोलीतून आधी दोन कान आले, मग झुबकेदार शेपटीचा तो काळा-पांढरा प्राणी फांदीवर आला आणि अंगाची कातडी पसरून शेजारच्या झाडावर अलगद तरंगत गेला.

"इज इट अ मंकी, आजी?" इराने कुजबुजत विचारलं.

"नाही गं राणी. हा पिशवीवाला, कांगारूच्या नात्यातला. माकडाशी याचं काही नातं नाही. पण धंदा बघ, तोच. अंधार पडला की उठायचं, पाला खायचा, उजाडलं की ढोलीत. तिकडे माझा एक, इकडे हा एक. मधे एवढा समुद्र, आणि दोघांना सुचलं तेच. मला या देशात करमायला लागलं ते याला पाहिल्यावर."

बाबा म्हणाले, "निलगिरीचा विषारी पाला खातो आणि एवढा गुटगुटीत. आमच्या मंडळात असा एक वायरमन होता." शैलाताई इतक्या मोठ्याने हसल्या की ग्लायडर दोन झाडं पुढे गेला. आयुष्यभर जंगलात श्वास रोखून बसलेली बाई! इरा त्यांना "श्श" करत होती. त्या दिवशी परत येताना बाबांनी उतारावर त्यांच्यापुढे हात केला आणि त्यांनी तो धरला. मी आणि इरा मागून येत होतो. मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

म्हणूनच बाबा एक दिवस जेवताना "मी आता मिरजेला जाईन म्हणतो" असं म्हणाले तेव्हा माझ्या हातातला घास तसाच राहिला. तब्येत सुधारली आहे. घर बंद पडलंय. "आता मला माझं करता येतं, ते मी विसरलो होतो." मी रडले, भांडले, व्हिसा वाढवायच्या गोष्टी केल्या. ते ऐकून घ्यायचे आणि कणीक मळायला घ्यायचे. शेवटी मी शैलाताईंकडे गेले. "तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"मी सांगणार नाही."

"का?"

"त्यांनी जायचं म्हटलंय ना."

मी संतापून निघून आले. तुम्हाला काय, म्हटलं, तुम्हाला सगळेच जंगलात सोडायचेत. हे तोंडावर बोलले मी.

तरीही एअरपोर्टला त्या आल्या. तेच बूट, धुतलेला शर्ट. बाबा आपली ट्रॉली आपणच ढकलत होते. इराला जवळ घेतलं, निखिलला घेतलं, मला घेतलं. शैलाताईंसमोर जरा जास्त वेळ उभे राहिले. "येतो, शैलाबाई." "या," त्या म्हणाल्या, "सांभाळून जा." बाबा आत गेले. दारातून एकदा वळून बघितलं त्यांनी.

घरी परतताना मी गाडीत मागे शैलाताईंच्या शेजारी बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही एकदा 'थांबा' म्हणाला असतात तर राहिले असते."

"राहिले असते," त्या म्हणाल्या. "म्हणून तर नाही म्हटलं गं. माझ्या शब्दाखातर राहिले असते आणि मग मला कधीच कळलं नसतं की त्यांना राहायचंय की नाही." मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. "मला हवे होते ते इथे. फार हवे होते." आणि त्या खिडकीच्या काचेला डोकं टेकवून रडल्या, घर येईपर्यंत.

बाबा मिरजेत ठणठणीत आहेत. गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांना भडंग करून घालतात. शैलाताई गेल्या तेव्हा मी बाबांना फोन केला. छातीत दुखलं आणि दोन दिवसांत सगळं संपलं, असं सांगितलं.

बाबा म्हणाले, "एअरपोर्टवर आत जाईपर्यंत मी वाट बघत होतो. म्हटलं, एकदा तरी 'थांबा' म्हणतील. तिकीट फाडून टाकलं असतं मी."

मी त्यांना गाडीतलं सांगितलं. सगळं, शब्दन्‌शब्द. पलीकडे रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज येत होते.

"असं कसं गं," बाबा म्हणाले. "बोलायचं नाही का माणसाने?"